अर्धा सबक

मालेगावला कडुनिंबाखाली सर्व्हिस मोटारीची वाट पाहत बसलो होतो. मागे दोघी बोलत होत्या.

“मले त्या नव्या मौलवीचा काही भरोसा वाटत नाही, प्रयागबाई.”

“काहून वं, सकीनाबी?”

“मदरशात दोन पोरींत एक सबक वाटून देते. अर्धा एकीनं पाठ करायचा, अर्धा दुसरीनं. मंग दोघींनं मिळून मनायचा.”

“मंग त्यात वाईट काय हाय?”

“आमच्या जैबुनच्या जोडीले कोन देली? शेजारची रुकैया!”

“ज्यायच्याशी तुमचं मधल्या भिंतीवरून भांडन हाय, त्यायची?”

“सात वर्सं झाले, बोलनं बंद हाय. मौलवीले त्यायनंच शिकवलं असन. नाईतं एवढ्या पोरींतून तीच कशी?”

“मंग जैबुनले घरी बसव.”

“बसवली ना! आज सकाळी मी दळून राह्यली होती, अन् जैबुन भिंतीजवळ बसून आपला अर्धा सबक मनून राह्यली. पोरगी थांबली, अन् उरलेला अर्धा भिंतीपलीकडून आला.”

“अगं बाई! मंग तू काय केलं?”

“जातं थांबवलं.”

“कायले?”

“घरघरीत नीट आयकू येत नव्हतं. पन पाय ना, पलीकडचं जातं माह्याआधीच थांबलं होतं. मनून मनतो, मौलवी त्यायलेच फितूर हाय!”