एकेचाळिसाव्या पानावरचा गुणाकार

—नको, कॉफी नको, शिसारी येते मला त्या यंत्रातल्या कॉफीची. तुम्ही मांडा तुमचे पार्टीचे चीजचे तुकडे, मोहरीची चटणी ठेवा बाजूला — पण योरिक पीएचडी पास झाला तर खाणार ना कोणी! आत परीक्षक निकाल ठरवत बसलेत दार लावून. मी? मी त्याची मार्गदर्शक, म्हणून तर बाहेर. मार्गदर्शकाला मत नसतं आमच्याकडे — सहा वर्षं पोराला घडवा आणि निकालाच्या वेळी कॉरिडॉरमध्ये बसा. किळसवाणा प्रकार!

काय चुकलं? अहो, रंगीत चित्र असतं ना — लाल, हिरवा, निळा — लोक तिन्ही वेगळे काढून त्यांतल्या लहरी मोजतात. योरिक तिन्ही एकदम मोजतो, क्लिफर्डच्या बीजगणिताने. फक्त तिथे गुणाकाराची बाजू सांभाळायची — डावीकडून गुणलं तर एक उत्तर, उजवीकडून गुणलं तर दुसरंच. आधी मोजे, मग बूट, इतकं साधं! आणि प्रबंधाच्या एकेचाळिसाव्या पानावर डावीकडची लहर उचलून खुशाल उजवीकडे ठेवलेली. तो पाहुणा परीक्षक, टायवर अंड्याचा डाग, त्याने नेमकं तिथेच बोट ठेवलं. शी!

योरिकने केलं? नाही हो, तो कसला करतोय. ती ओळ त्याची नाहीच. ती — एका जुन्या लेखातली आहे, सत्त्याण्णवच्या. गाजलेला लेख. त्याच्यावर एक बाई प्रोफेसर झाली, आता कॉरिडॉरमध्ये बसते. मार्चमध्ये योरिक आला होता माझ्याकडे, कान लाल झालेले — "मॅडम, इथे बाजू बदललीय वाटतं." म्हटलं, राहू दे, मी बघते. आणि ती तळटीप काढ, लेखाचं नाव कशाला हवं, सगळ्यांना माहीत असतं ते. नंतर बघितलंच नाही मी. म्हणजे — बघितलं. त्याच दिवशी बघितलं.

मघाशी त्या डागवाल्याने विचारलं, ही चूक कोणाची? योरिकने माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत होते. किती वेळ पुसावा माणसाने चष्मा? मग तो म्हणाला, "माझी." घाण वाटते हो स्वतःची, अंगभर घाण वाटते. आत जायची परवानगी नाही, खरंय — पण दाराला कुलूप थोडंच आहे? दोन वाक्यं सांगायची फक्त—

आला. बघा, माझ्यासाठी कॉफी घेऊन आलाय, मूर्ख! जा तुम्ही, ग्लास आणा. आणि मी तुमच्याशी काही बोलले नाहीये, कळलं?

थँक यू, योरिक. बस. साखर घातलीस ना?