लाल म्हणजे थांब

मेहुणा : लाल वायर प्लसला, काळी मायनसला. दाजी, यात विचारायचं काय?

टेम्पोवाला : माझ्या बॅटरीला हात लावायच्या आधी मला विचारायचं, एवढंच.

बायको : विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. म्हणून मी भावाला परस्पर बोलावलं. बातम्या लागतीलच आता.

टेम्पोवाला : लाइट आल्यावर ऐका की.

बायको : तारांवर झाड पडलंय. लेकीचं पहिलं बातमीपत्र आपल्या लाइटसाठी थांबणार आहे का?

मेहुणा : रेडिओला सेल नाहीत?

बायको : सेलना पाणी सुटलंय. दुकान बंद. मोबाइल कालच मेले.

मेहुणा : काळजी नको. याला आठ सेल लागतात, दीड-दीड व्होल्टचे. म्हणजे बारा. टेम्पोची बॅटरीही बाराचीच. सोयरीक जमली.

टेम्पोवाला : आणि माझ्या बॅटरीचे बारा वाजले. आधीच म्हातारी झालीय ती. उद्या खुर्च्या पोचवायच्यात. गाडी उठली नाही तर ढकलणार कोण?

बायको : मी. इतकी वर्षं तुम्हाला ढकलतेय, टेम्पो हलकाच लागेल.

मेहुणा : रेडिओ फार खात नाही, दाजी. तुमचा हॉर्न याच्यापेक्षा जास्त खातो.

टेम्पोवाला : हॉर्नचं नाव काढू नकोस.

मेहुणा : का? काय केलं हॉर्ननं?

बायको : लेकीला हे भोंगा म्हणायचे. आवाज घोगरा ना तिचा. निघताना पाया पडली, तर म्हणाले, भोंग्याला रेडिओवर कोण घेतंय. तेव्हापासून फोन आला की माझ्याशी तासभर, आणि यांना नुसतं ‘बरे आहात ना’.

टेम्पोवाला : गमतीनं म्हटलं होतं.

बायको : गंमत तुम्हालाच कळली.

मेहुणा : पण टेम्पोत रेडिओ होता ना पूर्वी?

बायको : यांनीच उपटला. ती शेजारी बसायची आणि बातम्या देणाऱ्याच्या पाठोपाठ तेच वाक्य म्हणायची.

टेम्पोवाला : बातमी एकदा ऐकली की पुरे. प्रत्येक गोष्ट दोन-दोनदा कशाला? डोकं उठायचं.

मेहुणा : बरं, हे घ्या, जोडल्या. लाल, काळी. आता लागेल... नाही लागत.

बायको : बटण दाबलंस का?

मेहुणा : ताई, मी घड्याळं दुरुस्त करतो. बटण कळतं मला.

बायको : म्हणूनच विचारलं. आमचं भिंतीवरचं नेलंस, ते अजून यायचंय.

मेहुणा : अर्थ नीट नसेल. सीटखाली काही दिसतही नाही, नुसत्या वायरी बाहेर आल्यात. दाजी, बॉडीला अर्थ कुठं दिलाय?

बायको : यांच्या बोलण्यात कधी नव्हता, वायरीत कुठला असायला?

टेम्पोवाला : लाल वायर अर्थ आहे.

मेहुणा : काय?

टेम्पोवाला : लाल अर्थ, काळी प्लस. या गाडीचं सगळं वायरिंग मी स्वतः केलंय.

मेहुणा : अहो, सगळ्या जगात लाल प्लस असते.

टेम्पोवाला : सगळं जग सिग्नलला काय करतं? लाल म्हणजे थांब. करंट सगळीकडे फिरून बॉडीत येऊन थांबतो. म्हणून तिथं लाल.

मेहुणा : म्हणजे मी रेडिओ उलटा जोडला. ताई, तुझ्या नवऱ्याच्या हुशारीनं रेडिओ जळायचा.

बायको : जळला?

मेहुणा : वास तर येत नाहीये. वाचला असेल.

टेम्पोवाला : सरक तिकडं. मी लावतो.

बायको : तुम्हाला कशाला? तुम्हाला तर ऐकायचं नाहीये.

टेम्पोवाला : नाहीच. वायर नीट बसली पाहिजे, एवढंच बघतोय.

(खरखर. मग रेडिओवर एका बाईचा घोगरा, ठाम आवाज.)

बायको : लागला. तीच आहे.

टेम्पोवाला : इंजिन चालू करू? जोर येईल.

मेहुणा : नको, नको, खरखर वाढेल.

टेम्पोवाला : तुझ्या बोलण्यात तिचं ऐकायचं राहिलं. काय म्हणाली?

बायको : नाव सांगितलं. आधी तिचं, मग तुमचं, मग आडनाव.

टेम्पोवाला : माझं नुसतं पहिलं अक्षर, की पूर्ण?

बायको : पूर्ण.

टेम्पोवाला : ...आवाज वाढव जरा.

मेहुणा : घसा बसलाय वाटतं पोरीचा.

टेम्पोवाला : बसलेला नाही. आवाजच तसा आहे. लांबवर जातो.

बायको : श्श. आपल्या झाडाचं सांगतेय. संध्याकाळपर्यंत लाइट येणार म्हणे.

टेम्पोवाला : वीजपुरवठा संध्याकाळपर्यंत सुरळीत होईल.

बायको : आत्ता तीच म्हणाली ना ते?

टेम्पोवाला : मी कुठं काय बोललो?

मेहुणा : झालं वाटतं, दाजी. काढतो वायर. उद्या गाडी उठायला हवी.

टेम्पोवाला : हात लावू नकोस. शेवटी ठळक बातम्या पुन्हा सांगतात.