कानावरचं जानवं

हसू नका, पण जर्मनीत डार्मश्टाटला शिकायला आलो तो पहिला हिवाळा मी कानाला कांदा बांधून काढलाय! अठ्ठावन्न सालची गोष्ट. संडास जिन्यात होता, आणि मी आईच्या शिस्तीतला. कानाला जानवं गुंडाळल्याशिवाय तिकडे पाऊल टाकायचो नाही. घरमालकीण फ्राऊ केलर यांनी दोनतीनदा पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "कान दुखतो का रे?"

माझं जर्मन तेव्हा 'या, या', म्हणजे 'हो, हो'च्या पुढे सरकलं नव्हतं. म्हटलं, "या, या!"

झालं! बाईंनी कांदा चिरला, फडक्यात बांधून गरम केला आणि लोकरी मफलरनं माझ्या कानावर करकचून आवळला. "टोपी न घालता हिंडतोस, दुसरं काय होणार!"

रोज नवा कांदा. वर्गात शेजारी कुणी बसेना. शेवटी आईची मनोमन माफी मागून जानवं कानाला लावणंच सोडलं.

"बघ, थांबलं की नाही दुखणं!" बाई खूश.

फेब्रुवारीत एके सकाळी दारावर टकटक. बाई डोक्याला मफलर गुंडाळून उभ्या, चेहरा रडवेला.

"माझा कान ठणकतोय. कांद्यानं काही होत नाही. तुझा तो दोरा आजच्या दिवस देतोस का?"