फळीकडे आता कोण पाहील?

आदरणीय अध्यक्षा मुख्याध्यापिकाबाई, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, क्रीडाशिक्षक सर, सर्व गुरुजन आणि समोर दाटीवाटीने बसलेल्या मित्रमैत्रिणींनो, आपणां सर्वांना सविनय नमस्कार. मला समोर पाहून बोलण्याचे धैर्य होत नाही, म्हणून कागदात पाहून वाचते आहे. राग नसावा.

मी शाळेत पहिली आले, दूरच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, म्हणून आपण हा निरोप देत आहात. या कौतुकाचे ओझे मात्र मला पेलवत नाही. कारण मी जाणार, आणि जिला आपण सारे खार म्हणतो, ती माझी जोडीदारीण जमिनीवर राहणार.

पाहुण्यांसाठी थोडे सांगते. आमच्या खेळात खेळाडूला घेऊन उडणारी फळी वाऱ्यावर तरंगत नाही, नजरेवर तरंगते. खालून एकाने पाहत राहायचे, तो नजरधर. त्याची नजर हटली, की फळी खाली. नजरेत भीती आली, तरीही खाली. इतरांच्या फळ्या मेण लावलेल्या, गुळगुळीत. खारीची फळी म्हणजे आठवीच्या वर्गातल्या मोडक्या बाकाची पाठ. तिच्यावर कोणीतरी कोरलेले ‘गणित नको’ अजून वाचता येते. पोरगी अंगाने काडी, गुडघे कायम सोललेले, खोडी काढल्याशिवाय चैन नाही. पण काय तिचे उडणे! प्रतिस्पर्ध्याच्या पोटाखालून उलटी निसटायची, त्याला जीभ दाखवायची आणि लटकत्या रिंगमधून पार!

अशा मुलीचा नजरधर व्हायला कोण धजणार? सरांनी मला बोलावले, ते मी पुस्तकात डोळे रोवून तासन् तास बसते म्हणून. “डोळ्यांना काम आहे, तोंडाला नाही,” असे ते म्हणाले. माझ्यासारखीला आणखी काय हवे?

एकदा मी तिला विचारले, “माझीच नजर तुला कशी चालते गं?”

“ताई, बाकीचे बघतात ना, ते मी आता पडणार असं बघतात. तू पुढचं पान उलटायचंय असं बघतेस.”

प्रवेशाचे कळल्यापासून आम्ही दुसरा नजरधर शोधतो आहोत. वर्गप्रमुखाने पापणी मिटली. माझ्या धाकट्या भावाला शिंक आली. क्रीडाशिक्षक सर तर, क्षमा असावी, ती वळण घेताच दोन्ही हातांनी डोळे झाकतात. आता पडून पडून तिचे कोपर बांधलेले आहे आणि अंतिम सामना तोंडावर आला आहे. काल मी म्हटले, “मी वर्षभर थांबते.” ती भडकलीच.

“उपकार नकोत मला! गेली नाहीस ना, तर तुझ्या पुस्तकांसकट तुलाच फळीला बांधून उडवीन.”

मी हसले, टोचणी गेली नाही. आपण शिकावे म्हणून दुसऱ्याचे आकाश काढून घ्यावे का? ती ‘थांब’ असे कधीच म्हणणार नाही, हे ठाऊक असताना तिच्या ‘जा’चा आधार घेणे हा अप्पलपोटेपणा नव्हे का? म्हणूनच या सत्काराला मी...

कोण हसते आहे? वाचताना काही चुकले का? बाई, आपणही वर का पाहता?

अगं बाई! खार पंख्यांच्याही वर आहे! आणि सर... सर, आपल्या पेल्यातले सरबत सदऱ्यावर सांडते आहे. नको, नको, पुसू नका! पाहत राहा!

पण ती माझ्या नजरेवर तरंगते आहे की सरांच्या? मी पुन्हा कागदाकडे वळते.

काही आपटले नाही.

“ताई, वर बघायचं नाही हं!” ऐकलेत ना? नाही गं, नाही बघत.

टोचणी पुरती गेली, असे मी म्हणणार नाही. पण उद्याची गाडी मी चुकवणार नाही. आपण सर्वांनी मला सांभाळून घेतलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पुढची अक्षरे आता नीट दिसत नाहीत. उणेअधिक बोलले असेन तर पोटात घालावे.

आणि एक विनंती. कृपा करून टाळ्या वाजवू नका. सर दचकतील.