बाबांनी घेतलेली बाजू

तुम्हाला खोटं वाटेल, पण बाबांना कोणाची बाजू घेताना मी एकदाच पाहिलंय, आणि तीही टीव्हीवरच्या माणसाची.

गेल्या हिवाळ्यात मी मेडिकल सोडलं. बाबा स्वतः डॉक्टर, म्हणून लंडनमधल्या आमच्या हॅरो भागातल्या सगळ्या मराठी मंडळींना त्यांनी सांगून टाकलं, "ब्रेक घेतलाय त्याने." सरळ थाप! या पिढीला मुलाने शिक्षण सोडलेलं चालत नाही, खोटं बोललेलं चालतं. आमचं बोलणं बंद होतं, पण त्या सीझनची पुरुषांची स्लालम, म्हणजे स्कीइंगची शर्यत, मात्र आम्ही एकाच सोफ्यावर बसून बघायचो. बर्फाच्या उतारावर खांब रोवलेले, दोन फेऱ्या, आणि एका खांबाच्या चुकीच्या बाजूने गेलात की बाहेर.

एका रविवारी त्याच मंडळींतले मोहनकाका पोहे खायला आले. बाबांचा आवडता स्कीअर पहिल्या फेरीत पहिला होता. दुसऱ्या फेरीत, अगदी खाली पोचता पोचता, त्याचा खांब चुकला.

"गेलं सगळं फुकट," काका म्हणाले. "वाया गेला पोरगा."

बाबा भडकलेच. "अहो, एक शर्यत गेली म्हणून माणूस वाया जातो का? पुढच्या शर्यतीला परत उभा राहील तो!"

मी लगेच म्हटलं, "मग सांगा ना काकांना, मी मेडिकल कायमचं सोडलंय."

काकांचा चमचा हवेतच राहिला. "म्हणजे? ब्रेक नव्हता?"

बाबांनी टीव्हीवरची नजर हलवली नाही.

"नव्हता," ते म्हणाले. "पण तो स्कीअर सकाळी उठतो तरी."