उंडो वरातीला जात नाही

नाही म्हणजे नाही, नारायणबाब – घोडा वरातीला मिळायचा नाही. तुमच्या प्रथमेशला गाडीतून न्या, हवं तर उचलून न्या. चहा घ्या. काय म्हणता, सावंतवाडीत हा वरातीतच होता? होता ना! तिथूनच तर आणला. नाव तेव्हा बादशहा. इथे मोपात आल्यावर पहिल्याच सकाळी पाव विकायला आलेल्या पोदेराच्या टोपलीत तोंड घालून सगळे उंडे खाल्ले – मग उंडोच झाला.

आणला तो गौरवीसाठी, माझ्या मुलीसाठी. जन्मापासून दोन्ही पाय कमजोर, कुबड्यांशिवाय उभी राहत नाही. डॉक्टर म्हणाले, घोड्यावर बसवा, कमरेत जोर येईल. जोर आला – आणि हट्टही आला. म्हणे, मी ड्रेसाज करणार! ड्रेसाज म्हणजे काय? घोड्याने चालायचं. नुसतं चालायचं! आखलेलं मैदान, कडेला इंग्रजी अक्षरं – या अक्षरापासून त्या अक्षरापर्यंत सरळ, मग गोल, मग थांबून परीक्षकाला मान लववायची. पायांनी इशारा देता येत नाही म्हणून हिच्या दोन्ही हातांत बारीक छड्या. मी रंगाच्या डब्यांवर अक्षरं काढून वरच्या मोकळ्या सड्यावर मांडली. गाव लोटला बघायला. सगळं बघून झाल्यावर शेजारचा सगुण विचारतो, “गोकुळदास, शर्यत केन्ना सुरू जाता?” म्हटलं, संपली! “चलपाक बक्षीस? मगीर म्हजी म्हस धाडूं?” चालायलाच बक्षीस, तर म्हणे याची म्हैसही पाठवतो!

हसू नका. स्पर्धेला पुण्याला गेलो, तर भिंतीपलीकडे मंगल कार्यालय! गौरवी मैदानात मधोमध, सगळं चिडीचूप – आणि पलीकडे बँड सुरू. उंडोचे कान उभे. जुनी नोकरी आठवली ना त्याला! जो आडवा नाचत सुटला – हे अक्षर नाही, ते अक्षर नाही – परीक्षक बाई पेन ठेवून उभ्याच राहिल्या. मी ओरडलो, “उतर गो बाय!” उतरते कसली? ती हसत होती. इतकी हसताना मी तिला कधी – नाही, कधीच नाही. बँड थांबला तशी त्याला मधोमध आणलं, मान लववली. नंबर? शेवटचा! पण परदेशातला एक शिक्षक बघत होता. म्हणाला, एवढ्या गोंधळात जिचे हात शांत राहिले, ती मुलगी मला द्या.

गेली जर्मनीला. तिथे तिला उंच काळा घोडा दिलाय, बँड वाजला तरी पापणी हलवत नाही. पदकं मिळतात. फोन? करते ना. मला विचारते, “बाबा, जेवलात?” – आणि मग, “आता फोन त्याच्या कानाला लावा.” घोड्याच्या कानाला! लावतो. हात भरून येईपर्यंत धरून उभा राहतो. ती काय बोलते ते मी ऐकत नाही – म्हणजे, थोडं ऐकू येतं. कंबर दुखते म्हणून त्याला सांगते. जेवायला कुणी सोबत नसतं म्हणून सांगते. रडते. मला म्हणते, सगळं बरं आहे. आता सांगा, म्हातारा झालाय तो – तुमच्या बँडपुढे नाचता नाचता धाप लागून काही झालं, तर माझी मुलगी कशी आहे ते मला कोण सांगणार?

काय म्हणालात? परत कधी येणार ती?

– चहा झाला ना तुमचा? ती खुर्ची सोडा जरा, नारायणबाब. आत न्यायची आहे.