खालचं दार

रशियातल्या एंगेल्स शहरात, दवाखान्यात कानाच्या डॉक्टरांबाहेर रांग होती. माझ्या शेजारी गेन्नादी लुकिच होते, बॉम्बर विमानांच्या लष्करी तळावरचे निवृत्त मेकॅनिक. त्यांच्या पलीकडे रिम्मा येऊन बसली.

"गेन्नादी लुकिच, कान त्या बॉम्बरनंच घालवले ना तुमचे?"

"हो. चार इंजिनं, प्रत्येकावर दोन असे आठ पंखे. तीस वर्षं ऐकलं. पण विमान दमदार, पोरी. म्हातारं झालं तरी अर्धी पृथ्वी ओलांडून परत येतं."

"माझा नवरा नाही आला, माझा ल्योवा."

"ठाऊक आहे गं."

"त्यातून उडी कशी मारतात?"

"लढाऊ विमानासारखी खुर्ची बाहेर फेकली जात नाही त्यात. पट्टे सोडायचे आणि खालच्या दारापर्यंत जायचं."

"किती वेळ लागतो?"

"विमान सरळ असेल तर फार नाही."

"आणि कोसळत असेल तर?"

"तर कठीण."

"ल्योवा दाराशीच सापडला. पाठीवर पॅराशूट होतं. तिघं वाचले, हा राहिला."

"मग तिघांना आधी त्यानंच बाहेर ढकललं असेल."

"खरं सांगताय, की माझं मन राखताय?"

आतून लुकिचचं नाव पुकारलं गेलं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "माझ्या नंबरावर तुम्ही जा. आम्ही बसतो अजून."